परदेशी वृत्तपत्रातील विनावेतन ‘अनुभव’ : किंमत कोण मोजतो?

रायपूर : पत्रकारितेची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणापुढे पहिला प्रश्न अनुभवाचा असतो. वृत्तपत्रे अनुभवी उमेदवार मागतात आणि अनुभव देणारी पहिली जागा मात्र सहजासहजी मिळत नाही. या कोंडीवर एक उपाय अनेकदा सुचविला जातो. काही आठवडे वा महिने परदेशात जावे, तेथील एखाद्या वृत्तपत्रात स्वयंसेवक म्हणून विनावेतन काम करावे आणि प्रमाणपत्र घेऊन परतावे, असा हा उपाय आहे. त्यामागील आकर्षण समजण्यासारखे आहे. तथापि, निर्णय घेण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळणे आवश्यक ठरते. या कामाचे पैसे कोण कोणाला देतो, लिहिलेली बातमी कोण तपासतो आणि हे काम करण्याची परवानगी कोणत्या कायद्याने मिळते? वेतन, संपादक आणि परवाना या तीन कसोट्या परदेशातील कामाला लागू होतात, तशाच त्या रायपूर, गोंदिया वा गडचिरोलीतील कामालाही लागू होतात.

रायपूरचा संदर्भ

या प्रश्नाची चर्चा रायपुरातून होण्याला कारण आहे. केवळ पत्रकारिता आणि जनसंवाद या विषयांना वाहिलेली विद्यापीठे देशात मोजकीच आहेत. त्यांपैकी कुशाभाऊ ठाकरे पत्रकारिता व जनसंचार विद्यापीठ २००५ पासून रायपूर येथे कार्यरत आहे. छत्तीसगडसोबतच शेजारील राज्यांतील तरुणांनाही ते जवळचे आहे. नागपूरहून रायपूर सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. गोंदिया आणि गडचिरोली हे महाराष्ट्राचे जिल्हे तर थेट छत्तीसगडला लागून आहेत.

मराठी माणसाचे येथील पत्रकारितेशी नातेही जुने आहे. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक, तर वामन बळीराम लाखे हे प्रकाशक होते. पेंड्र्याच्या राजकुमाराचे शिक्षक म्हणून मिळणाऱ्या पगाराचा आधार सप्रे यांनी या कामासाठी घेतला. तीन वर्षांनी आर्थिक कारणांमुळे मासिक बंद पडले. पुढे लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद सप्रे यांनी केला. जबलपूरहून १९२० मध्ये निघालेल्या ‘कर्मवीर’ या पत्रामागेही त्यांची प्रेरणा होती आणि त्याच पत्रातून माखनलाल चतुर्वेदी यांच्यासारखा संपादक घडला. १९२६ मध्ये रायपूर येथे सप्रे यांचे निधन झाले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. पत्रकारितेत पदरमोड करून काम करण्याची परंपरा जुनी आहे. मात्र सप्रे यांनी ज्या पत्रासाठी झीज सोसली, ते पत्र त्यांचे स्वतःचे होते आणि त्याचा वाचक त्यांना ठाऊक होता. आजच्या विनावेतन उमेदवाराची झीज बहुधा दुसऱ्याच्या व्यवसायाच्या कामी येते. परदेशातील स्वयंसेवी पत्रकारितेचे मूल्यमापन करताना हा फरक दृष्टीआड करता येत नाही.

शुल्क भरून केलेले काम

परदेशात स्वयंसेवक म्हणून जाण्याची व्यवस्था गेल्या तीन दशकांत एका स्वतंत्र व्यवसायाच्या रूपाने उभी राहिली आहे. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट्स अब्रॉड’सारख्या कंपन्यांनी अध्यापन, आरोग्य, वन्यजीव संरक्षण यांच्या जोडीला पत्रकारितेलाही आपल्या यादीत स्थान दिले. उमेदवार कंपनीकडे शुल्क भरतो. त्या बदल्यात कंपनी निवास, भोजन आणि स्थानिक माध्यमसंस्थेतील जागा यांची व्यवस्था करते. विमानभाडे आणि व्हिसाचा खर्च बहुधा वेगळा असतो. म्हणजेच उमेदवाराला वेतन मिळत नाही, उलट काम करण्यासाठी त्यालाच पैसे मोजावे लागतात.

या व्यवस्थेचा मूळ प्रवाह श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे वाहतो. भारतानेही तो अनुभवला आहे. तामिळनाडूतील मदुराई येथे ‘मदुराई मेसेंजर’ हे इंग्रजी मासिक शुल्क भरून आलेल्या परदेशी स्वयंसेवकांच्या लेखनावर निघत असे. बोलिव्हियाच्या ला पाझ शहरात ‘बोलिव्हियन एक्स्प्रेस’ हे इंग्रजी मासिकही अशाच परदेशी उमेदवारांच्या सहभागातून चालविले गेले. अशा प्रकाशनांतून तरुणांना लेखनाचा सराव होतो, नवा प्रदेश पाहायला मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र हे नियतकालिक कोणाच्या गरजेतून निघते, हा प्रश्न उरतो. सामान्य वृत्तपत्र वाचकासाठी निघते. येथे वाचकाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व लिहिणाऱ्या ग्राहकाला असते. ज्याने शुल्क भरले आहे त्याचा कच्चा मजकूर परत करण्याचे धैर्य संपादकाला दाखविता येईल का, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळे असेल.

भारतीय तरुणाने याच दुकानातून अनुभव विकत घ्यायचा ठरविल्यास त्याच्यावरील भार अधिक असतो. शुल्क बहुधा पौंड वा डॉलरमध्ये आकारले जाते. ब्रिटन वा जर्मनीतील विद्यार्थ्यासाठी ती सुटीतील खर्चाची बाब असू शकते. राजनांदगाव वा भंडाऱ्यातील कुटुंबाला त्यासाठी बचत मोडावी लागते किंवा कर्ज काढावे लागते.

व्हिसाची अडचण

दुसरी अडचण कायद्याची आहे आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. ‘पगार घेत नाही, म्हणजे हे काम नव्हे’, असा समज अनेकांचा असतो. बहुतेक देशांचे स्थलांतर कायदे तसे मानत नाहीत.

ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर स्थानिक कंपनीसाठी वेतनासह वा विनावेतन काम करण्यास मनाई आहे. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करण्याची सवलत आहे, पण तीही प्रवासाचा मुख्य हेतू वेगळा असेल तरच. नफ्यासाठी चालणारे वृत्तपत्र या सवलतीत बसत नाही. अमेरिकेत परदेशी माध्यमांच्या प्रतिनिधींसाठी ‘आय’ या वर्गाचा स्वतंत्र व्हिसा आहे, तर प्रशिक्षणार्थींसाठी आदानप्रदान कार्यक्रमांचा ‘जे-१’ व्हिसा आहे. पर्यटक व्हिसावर तेथे वार्तांकन करता येत नाही.

भारताची भूमिकाही याहून फार वेगळी नाही. ई-पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला जास्तीत जास्त एक महिन्याचे, कोणताही मोबदला नसलेले स्वयंसेवी काम करता येते. पत्रकारितेसाठी मात्र स्वतंत्र पत्रकार व्हिसा लागतो. परदेशस्थ मराठी कुटुंबांनी येथे एक बाब ध्यानी घ्यावी. मार्च २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ‘ओसीआय’ कार्डधारकांनाही भारतात पत्रकारिता करण्यासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. न्यू जर्सी वा लंडनमध्ये वाढलेल्या मुलामुलीने सुटीत आजोळी येऊन एखाद्या दैनिकात काही आठवडे उमेदवारी करायची म्हटले, तरी ही परवानगी आधी तपासावी लागेल.

नियमभंगाचा फटका कंपनीला बसत नाही, तो उमेदवाराला बसतो. एकदा प्रवेश नाकारला गेला की पुढील प्रत्येक व्हिसा अर्जात त्याचा उल्लेख करावा लागतो. वार्ताहराच्या व्यवसायात, जेथे पुढे परदेश दौऱ्याची संधी केव्हाही येऊ शकते, ही किंमत मोठी आहे.

संरक्षणाच्या बाबतीतही स्वयंसेवकाची स्थिती दुबळी असते. परदेशी रोजगारासाठी जाणाऱ्यांच्या हितरक्षणाकरिता उत्प्रवासन अधिनियम, १९८३ आहे. त्याची रचना वेतनी रोजगार आणि त्यासाठीची भरती यांभोवती झालेली आहे. शुल्क भरून स्वयंसेवेला जाणारा तरुण या चौकटीबाहेर राहतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते, ही एक जमेची बाजू आहे. परंतु कंपनीचे कार्यालय भारताबाहेर असल्यास आदेशाची अंमलबजावणी कठीण असते.

सन्मान्य मार्ग आणि अनुभवाचे चक्र

परदेशात पत्रकारितेचा अनुभव घेण्याचे सन्मान्य मार्गही आहेत. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे माजी व्यवस्थापकीय संपादक आल्फ्रेड फ्रेंडली यांच्या नावाने १९८० च्या दशकापासून चालणारा कार्यक्रम विकसनशील देशांतील पत्रकारांना अमेरिकेतील वृत्तकक्षांत काही महिने प्रत्यक्ष काम करण्याची संधी देतो. त्याचे प्रशिक्षण १९०८ मध्ये स्थापन झालेल्या मिसुरी विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयाशी जोडलेले आहे. ब्रिटनच्या चेव्हनिंग योजनेत दक्षिण आशियाई पत्रकारांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आहे. ऑक्सफर्डमधील रॉयटर्स इन्स्टिट्यूट आणि हार्वर्डमधील नीमन फाउंडेशन यांच्या फेलोशिप जगभर नावाजलेल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचे वार्तांकन करण्यासाठी विकसनशील देशांतील तरुण पत्रकारांना डाग हॅमरशोल्ड निधीतून साहाय्य मिळते.

या कार्यक्रमांत खर्चाची तरतूद असते, काम करून घेणारा वा मार्गदर्शन करणारा संपादक असतो आणि व्हिसाचा वर्ग निश्चित असतो. तिन्ही कसोट्यांवर ते उतरतात. अडचण एकच आहे. ते अनुभवी पत्रकारांसाठी आहेत. नुकताच पदवी घेतलेला विद्यार्थी तेथे पात्र ठरत नाही, शिवाय इंग्रजीवर प्रभुत्व अपेक्षित असते. म्हणजेच ज्याला अनुभव आहे त्याला परदेशात पैसे मिळतात आणि ज्याला नाही त्याला पैसे मोजावे लागतात.

या दोहोंच्या मध्ये अलीकडे एक तिसरी वाट निर्माण झाली आहे. भारत आणि ब्रिटन यांच्यातील यंग प्रोफेशनल्स योजना २०२३ मध्ये सुरू झाली. १८ ते ३० वयोगटातील पदवीधर भारतीयांना या योजनेत दोन वर्षांपर्यंत ब्रिटनमध्ये राहून काम करता येते. निवड सोडतीने होते, सोडतीत नाव नोंदविण्यास शुल्क नाही, मात्र निवड झाल्यानंतर खात्यात २,५३० पौंड असल्याचे दाखवावे लागते. ऑस्ट्रेलियानेही २०२४ मध्ये भारतीय तरुणांसाठी दरवर्षी १,००० जागांची वर्क अँड हॉलिडे व्हिसा योजना खुली केली. या योजना पत्रकारितेसाठी आखलेल्या नाहीत आणि नोकरीची हमीही देत नाहीत. तरी वेतन घेऊन उजळ माथ्याने काम करण्याचा हक्क त्या देतात. दलालाला शुल्क देऊन पर्यटक व्हिसावर जाण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच सुरक्षित आहे.

विनावेतन कामाला परदेशातच आव्हान

ज्या देशांतून विनावेतन इंटर्नशिपची प्रथा आपल्याकडे रुळली, तेथेच तिला आव्हान मिळाले आहे, याची नोंद घ्यायला हवी. अमेरिकेत २०१३ मध्ये ‘कॉन्दे नास्ट’ या मासिक समूहाविरुद्ध माजी प्रशिक्षणार्थींनी वेतनासाठी दावा दाखल केला. त्यानंतर समूहाने आपला इंटर्नशिप कार्यक्रमच बंद केला आणि २०१४ मध्ये ५८ लाख डॉलरची तडजोड मान्य केली. २०१८ पासून अमेरिकी कामगार विभाग अशा प्रकरणांत ‘या व्यवस्थेचा मुख्य लाभार्थी कोण’, या निकषाचा आधार घेतो. ब्रिटनमध्ये २०११ मध्ये पत्रकार संघटनेच्या पाठबळावर एका प्रशिक्षणार्थी तरुणीने संकेतस्थळ चालविणाऱ्या कंपनीविरुद्ध न्यायाधिकरणात वेतनाचा हक्क मिळविला. २०१५ मध्ये जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांत विनावेतन काम करणारा न्यूझीलंडचा तरुण तंबूत राहत असल्याचे उघड झाले, तेव्हा या प्रश्नाची जगभर चर्चा झाली. महागड्या शहरात विनावेतन राहणे कोणाला परवडते, हा त्या चर्चेचा गाभा होता.

पत्रकारितेपुरता हा प्रश्न अधिक गंभीर आहे. पहिल्या पायरीवर वेतन नसेल, तर ती पायरी ओलांडू शकणारे तरुण एकाच आर्थिक स्तरातून येतात. मग वृत्तकक्षात धानाच्या खरेदी केंद्रावरील रांग स्वतः अनुभवलेला, तेंदूपत्त्याचा हंगाम घरात पाहिलेला, गोंडी वा हलबी बोलणारा माणूस उरत नाही. बातमी कोणती आणि ती कोणाच्या बाजूने पाहायची, हे ठरविणाऱ्यांची निवड पगाराच्या आधीच, परवडण्याच्या निकषावर होऊन जाते.

घरचे चित्र

परदेशाकडे वळणाऱ्या तरुणाला दोष देण्यापूर्वी घरचे चित्र पाहणे आवश्यक आहे. तालुका आणि जिल्हा पातळीवरील बातमीदारीचा मोठा भाग आज स्ट्रिंगर म्हणजेच अंशकालीन वार्ताहर पेलतात. अनेकांना बातमीमागे तुटपुंजे मानधन मिळते, अनेकांना तेही मिळत नाही. जाहिराती मिळवून त्यावरील कमिशनवर गुजराण करावी, अशी अपेक्षा असते. ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची, त्याच्याचकडे जाहिरात मागायची, हा या व्यवस्थेतील मूळ दोष आहे.

कायद्याने काही आधार दिले आहेत. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरविल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या असून, श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत आता इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमांचाही समावेश झाला आहे. अंशकालीन पत्रकारही या व्याख्येत येतो, परंतु पत्रकारिता हा त्याचा मुख्य व्यवसाय असावा, ही अट कायम आहे. पोट भरण्यासाठी किराणा दुकान वा शेती सांभाळणारा स्ट्रिंगर याच अटीपाशी अडतो. मानधन पुरत नाही म्हणून तो दुसरा व्यवसाय करतो आणि दुसरा व्यवसाय करतो म्हणून पत्रकार ठरत नाही.

विद्यार्थ्यांची स्थितीही अशीच अधांतरी आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये २०१९ च्या सुधारित नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवारासाठी किमान ९,००० रुपये मासिक विद्यावेतन निश्चित केले होते. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. मोठी वृत्तपत्रे या तरतुदीचा उपयोग करू शकतात. परंतु ‘इंटर्न’ असे नाव दिले की ही सारी चौकट टाळता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दरमहा ५,००० रुपयांची तरतूद होती, पण पदव्युत्तर पदवीधारकांना तिच्या पात्रतेतून वगळण्यात आले. पत्रकारितेत एमए केलेल्या तरुणाला तिचा लाभ मिळू शकला नाही.

वेतनाहून मोठा प्रश्न जीविताचा आहे. विजापूर येथील मुक्त पत्रकार मुकेश चंद्राकर १ जानेवारी २०२५ रोजी बेपत्ता झाले आणि दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह सेप्टिक टँकमध्ये आढळला. बस्तरमधील रस्त्याच्या बांधकामातील गैरव्यवहाराची बातमी पुढे आणण्यात त्यांचा वाटा होता. या प्रकरणात संबंधित कंत्राटदाराला अटक झाली. एप्रिल २०२१ मध्ये माओवाद्यांच्या ताब्यातील केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या जवानाच्या सुटकेसाठी जंगलात गेलेल्या पत्रकारांमध्येही चंद्राकर होते. छत्तीसगड विधानसभेने मार्च २०२३ मध्ये माध्यमकर्मी सुरक्षा विधेयक संमत केले होते. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधात स्वतंत्र कायदा संमत केला. दुर्गम भागात एकट्याने, संस्थेच्या पूर्ण पाठबळाविना काम करणाऱ्या वार्ताहरासाठी कायदा पुरेसा ठरत नाही, हे विजापूरच्या घटनेने दाखविले.

दिल्लीहून वा परदेशातून बस्तरला येणारे पत्रकार याच स्थानिक वार्ताहरांच्या मोटारसायकलवरून, त्यांच्या ओळखींवर आणि त्यांच्या भाषाज्ञानावर अवलंबून असतात. पाहुण्याला अनुभव मिळतो, त्याच्या नावाने वृत्तांत प्रसिद्ध होतो. यजमानाचे नाव क्वचितच छापले जाते. अनुभवाची खरी शाळा येथे आहे आणि तिचे प्रमाणपत्र कोणी देत नाही, हा या विषयातील सर्वांत मोठा विरोधाभास आहे.

संपादकाचे मोल

प्रस्तुत प्रतिनिधीचाही पदव्युत्तर शिक्षणानंतरचा पहिला काळ एका जिल्हा दैनिकात विनावेतन गेला. त्या काळातील बसभाडे घरून घ्यावे लागत असे, ही बाब आजही सलते. परंतु तेथील एका ज्येष्ठ उपसंपादकांनी लावलेली शिस्तही तितकीच स्मरणात आहे. अपघाताच्या बातमीत मृताचे नाव दोन ठिकाणांहून पडताळल्याशिवाय पान सोडायचे नाही, गावाच्या नावासमोर तालुका लिहायचा, पोलिसांनी सांगितले ते पोलिसांच्याच तोंडी ठेवायचे, हे धडे तेथेच मिळाले. विनावेतन काम योग्य होते असा याचा अर्थ नाही. बातमी परत करणारा संपादक भेटला नाही तर कोणत्याही देशातील अनुभव कोरडाच राहतो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

परतल्यानंतर काय?

परदेशी अनुभवाचे खरे मोल परतल्यानंतर कळते. छत्तीसगडमध्येच त्याचे उदाहरण आहे. बीबीसीमध्ये निर्माता म्हणून काम केलेले शुभ्रांशु चौधरी यांनी आंतरराष्ट्रीय नाइट फेलोशिपच्या साहाय्याने २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ हे व्यासपीठ सुरू केले. गावातील माणूस साध्या मोबाइलवरून आपली बातमी हिंदी वा गोंडीत नोंदवितो, ती पडताळली जाते आणि इतरांना फोनवर ऐकता येते, अशी तिची रचना होती. रखडलेली मजुरी, नादुरुस्त हातपंप, शिक्षक नसलेली शाळा असे विषय त्यातून पुढे आले. २०१४ मध्ये चौधरी यांना ‘इंडेक्स ऑन सेन्सॉरशिप’ या संस्थेचा डिजिटल क्षेत्रातील पुरस्कार मिळाला. बाहेर मिळविलेले कौशल्य आणि निधी येथील भाषेच्या, येथील श्रोत्याच्या कामी आला, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

परक्या देशात काम करताना पत्रकाराची जबाबदारी कशी वाढते, याचे उदाहरण शेजारीच आहे. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये गेलेल्या भारतीय वाहिन्यांच्या वार्तांकनावर तेथील नागरिकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली आणि ‘भारतीय माध्यमांनो, परत जा’ अशी मोहीमच समाजमाध्यमांवर उभी राहिली. शोकात बुडालेल्या माणसापुढे माईक धरणे हा अनुभव कोणाचा आणि त्याची किंमत कोणी चुकविली, हा प्रश्न त्या मोहिमेने विचारला. तरीही नेपाळ हा भारतीय तरुणासाठी सर्वांत जवळचा परदेश आहे. तेथे जाण्यास व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारात परस्परांच्या नागरिकांना निवास व व्यवसायाच्या सवलती आहेत आणि लिपीही देवनागरीच आहे. परदेशी वृत्तकक्ष पाहण्याची ज्यांना खरोखर इच्छा आहे, त्यांनी काठमांडूचा विचार लंडनच्या आधी करण्यास हरकत नाही.

स्वयंसेवा हा शब्द ज्याला खऱ्या अर्थाने लागू पडतो, असे कामही परदेशात मराठीतून चालते. इस्रायलमधील बेने इस्रायली समाजाचे ‘मायबोली’ आणि उत्तर अमेरिकेतील ‘एकता’ ही मराठी नियतकालिके नोकरी-व्यवसाय सांभाळून वेळ देणाऱ्या मंडळींच्या श्रमावर उभी राहिली. तेथे कोणी कोणाला अनुभव विकत नाही. भाषा टिकावी म्हणून काम केले जाते आणि लिहिणारा व वाचणारा एकाच समाजातील असतो.

पुढील वाट

या विषयात तीन घटकांवर जबाबदारी येते. पहिली विद्यापीठांवर. नव्या शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिप हा पदवी अभ्यासक्रमाचा भाग झाला आहे. विद्यार्थ्याला श्रेयांक मिळतात, संस्थेला मनुष्यबळ मिळते, मात्र प्रवास आणि निवासाचा खर्च विद्यार्थ्यावर पडतो. विद्यावेतन देणाऱ्या आणि मार्गदर्शक संपादकाचे नाव लेखी कळविणाऱ्या संस्थांनाच विद्यार्थी पाठविण्याचा निर्णय विद्यापीठे घेऊ शकतात. विद्यार्थ्यांना पाठवायचेच असेल तर दंतेवाडा, कांकेर, गडचिरोली येथील वार्ताहरांसोबत काही आठवडे पाठवावे आणि त्या वार्ताहरांनाही मार्गदर्शक म्हणून मानधन द्यावे. त्यातून दोघांचाही लाभ होईल.

दुसरी जबाबदारी शासनाची. परदेशी उच्च शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अल्प मुदतीच्या व्यावसायिक अनुभवासाठी मात्र तशी व्यवस्था दिसत नाही. भारतीय भाषांत काम करणाऱ्या तरुण पत्रकारांसाठी मर्यादित जागांची का होईना, खर्चासहित योजना आखल्यास दलालांचा बाजार आपोआप आक्रसेल.

तिसरी जबाबदारी स्वतः उमेदवाराची. शुल्क भरण्यापूर्वी काही प्रश्न लेखी विचारावेत. ज्या वृत्तपत्रात काम करायचे त्याचे नाव काय, त्याचे मागील अंक पाहायला मिळतील का? बातमी तपासणारा संपादक कोण, त्याच्याशी आधी बोलता येईल का? व्हिसा कोणत्या वर्गाचा आणि त्यावर विनावेतन वार्तांकनास परवानगी आहे, असे त्या देशाच्या दूतावासाच्या माहितीत नमूद आहे का? शुल्कातील किती वाटा वृत्तपत्राला जातो? काम न मिळाल्यास परतावा किती? आजारपण, अपघात आणि अब्रुनुकसानीच्या दाव्याची जबाबदारी कोणाची? बातमी नावानिशी छापली जाईल का? यांपैकी निम्म्या प्रश्नांनाही स्पष्ट उत्तर मिळत नसेल, तर ती सहल समजावी आणि सहलीला परवडेल तेवढाच खर्च करावा.

परदेश पाहणे पत्रकाराला उपकारकच असते. आपल्या व्यवस्थेकडे बाहेरून पाहण्याची सवय लागते, भाषेचा आत्मविश्वास येतो, ओळखी वाढतात. परंतु नोकरी देताना संपादकाने प्रमाणपत्रावरील शहराचे नाव पाहायचे की उमेदवाराने पडताळून लिहिलेली बातमी पाहायची, याचे उत्तर या देशातील वृत्तकक्षांनाच द्यावे लागेल. गावपातळीवर उन्हातान्हात केलेल्या कामाला ते अनुभव म्हणून मोजू लागले आणि त्याचे पैसे देऊ लागले, तर रायपूरच्या विद्यार्थ्याला अनुभव विकत घेण्यासाठी विमानाचे तिकीट काढावे लागणार नाही. तोपर्यंत या अनुभवाचे बिल त्याच्या घरीच येत राहील.